होतकरू पोरांवर नजर ठेवणारे आपण

'होतकरू' हा शब्द आपण फार सहज वापरतो. यात्रेच्या फ्लेक्सवर 'होतकरू खेळाडू', पतसंस्थेच्या कार्यक्रमात 'होतकरू विद्यार्थ्यांचा सत्कार', मदतीच्या आवाहनात 'गरीब व होतकरू'. शब्द कौतुकाचा आहे. पण जरा थांबून वाचला तर लक्षात येतं, की तो माणूस आज काय आहे याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. जे आहे ते सगळं पुढचं. होतकरू म्हणजे अजून न झालेला. आणि अशा अजून न झालेल्या मुलांवर नजर ठेवायचा छंद आपल्यापैकी बऱ्याच जणांना आहे.

शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन काठांवरचे तालुके. इकडे घोडनदी, न्हावरा, मांडवगण फराटा. तिकडे राहू, पारगाव, केडगाव, पाटस. यात्रांचा हंगाम सुरू झाला की इथे कुस्तीच्या आखाड्याइतकीच गर्दी कबड्डीच्या मैदानाला होते. हॅलोजनच्या उजेडात सामने चालतात, कुणीतरी मोबाईलवरून लाइव्ह करतं, आणि रात्री अकरा वाजता एखाद्या पंधरा वर्षांच्या चढाईपटूची तीस सेकंदांची क्लिप चार ग्रुपवर फिरते. खाली चर्चा सुरू. पोराचा हात लांब आहे. बोनस छान घेतो. कोपरा सोडून आत शिरायला घाबरतो. उंची अजून वाढेल. पुढच्या वर्षी कुमार गटात बघा त्याला.

ही चर्चा करणाऱ्यांना जिन्याच्या सगळ्या पायऱ्या पाठ असतात. आधी किशोर गट : सोळा वर्षांच्या आत, वजन ५५ किलो. मग कुमार गट : वीस वर्षांच्या आत, ७० किलो. त्यात जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, राष्ट्रीय स्पर्धा. नजरेत भरला तर पुणेरी पलटणच्या 'युवा पलटण'सारखी एखाद्या संघाची अकादमी. तिथून प्रो कबड्डीत 'न्यू यंग प्लेअर' म्हणून करार. आणि मग टीव्ही.

हा जिना खोटा नाही. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार युवा पलटणमधूनच वर आला. नाशिकचा आकाश शिंदेही तिथलाच. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात हे दोघे होते. १ मार्च २०२४ रोजी अस्लमच्या कप्तानीखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. त्या रात्री 'मी याला कुमार गटापासून बघतोय' असं म्हणता येणाऱ्या माणसाला जे सुख झालं असेल, ते साधं नाही. एखादी गोष्ट जगाच्या आधी आपल्याला दिसली होती, याचं ते सुख.

प्रश्न त्या सुखाबद्दलच आहे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या प्रगतीवर नजर ठेवणं हे प्रेम आहे की गुंतवणूक? आणि गुंतवणूक असेल, तर ती बुडाल्यावर नुकसान कुणाचं होतं?

हिशेब

आधी साधं गणित. प्रो कबड्डीत बारा संघ आहेत. एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू घेता येतात. म्हणजे सगळे मिळून तीनशे जागा. त्यातल्या बऱ्याच जागांवर आधीच कुणीतरी बसलेलं असतं, आणि दावेदार हरियाणापासून तमिळनाडूपर्यंत पसरलेले. शिरूर-दौंडच्या यात्रांत खेळणारा बहुतेक प्रत्येक मुलगा तिथवर पोहोचणार नाही. याला निराशावाद म्हणू नका, हा भागाकार आहे.

शिवाय 'गुण असेल तर वर येईलच' हे वाक्यही तपासून घ्यायला हवं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा पाहिल्या. वरच्या स्तरावरच्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं. कारण सोपं होतं. वयोगटाची तारीख १ जानेवारी. जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठं, पण दोघंही एकाच गटात. मोठं मूल 'गुणी' दिसतं, त्याला जास्त सामने मिळतात, चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि दहा वर्षांनी ते खरोखरच चांगलं झालेलं असतं. निवडणाऱ्यांनी गुण ओळखला असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात तो त्यांच्या नजरेने काही अंशी घडवलेला असतो.

कबड्डीत वयासोबत वजनाचाही काटा आहे, त्यामुळे हे आणखी किचकट होतं. वाढीच्या वयात शरीर आपल्या गतीने चाललेलं असतं आणि काटा ५५वर अडलेला असतो. वजन करायच्या आदल्या रात्री जेवण टाळायचं, स्वेटर घालून पळायचं, हे मैदानावर वावरणाऱ्या कुणालाही नवीन नाही. 'कसा चपळ आहे बघा' म्हणून आपण ज्याची क्लिप पुढे पाठवतो, तो त्या क्षणी उपाशी असू शकतो.

म्हणजे आपली नजर निरुपद्रवी नाही. ती कुणाला उचलते, कुणाला वगळते, आणि कुणाला उपाशी ठेवते.

खोंड आणि पोर

याच पट्ट्यात नजर ठेवण्याची आणखी एक परंपरा आहे, कबड्डीहून जुनी. बैलगाडा शर्यत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती बंद झाली, १६ डिसेंबर २०२१ला सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरचे घाट पुन्हा गजबजले. खोंडाची पारख करणाऱ्यांचीही एक भाषा आहे. आदत, दुसा, चौसा अशी दातांवरून वयाची वर्गवारी. कुणाच्या दावणीला जन्मला, पाय कसा टाकतो, आवाजाला बिचकतो का. चांगल्या खोंडाचे भाव लाखांत जातात. त्याच्याही क्लिपा फिरतात, त्याच्याही खाली तशीच चर्चा : आत्ता कच्चा आहे, पण पुढे बघा.

दोन्ही चर्चा शेजारी ठेवून वाचल्या तर शब्द जवळजवळ सारखेच दिसतात. पाय, दम, घराणं, किंमत, पुढे. मग फरक कुठे आहे?

मला दिसणारा फरक असा : खोंडाला माहीत नसतं की तो होतकरू आहे. पोराला माहीत असतं.

शर्यतीच्या बैलाच्या बाबतीत छळाचा, वेदनेचा प्रश्न आहे, आणि तो गंभीर आहे. न्यायालयात इतकी वर्षं तोच लढला गेला. पण दुसा खोंड 'आपण मालकाच्या अपेक्षेला उतरलो नाही' म्हणून रात्री जागत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा जागतो. तो आपल्याच क्लिपा पुन्हा पुन्हा बघतो. आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते वाचतो. आपल्याकडे बघणाऱ्यांच्या नजरेतून तो स्वतःकडे बघायला लागतो, आणि हळूहळू त्याचा वर्तमानकाळ त्याच्या हातून सुटतो. आजची चढाई ही आजची राहत नाही, ती पुढच्या निवड चाचणीची तयारी होते. पकड झाली तर एक गुण जातोच, शिवाय एक भविष्यही जातं.

माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं जर्मन तत्त्वज्ञ कान्ट सांगून गेला. आपण त्या मुलाला आपल्या आनंदाचं साधन करतो, एवढंच म्हणून थांबता आलं असतं. पण इथे गोष्ट त्याहून नाजूक आहे. तो मुलगा स्वतःलाच साधन मानायला शिकतो. पंचवीस वर्षांचा जो कुणी 'तो' होणार आहे, त्याच्यासाठी पंधरा वर्षांचा 'हा' राबतो.

पैज कुणाची?

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६मध्ये 'नैतिक नशीब' ही कल्पना मांडताना चित्रकार गोगँचं उदाहरण घेतलं. बायकामुलांना सोडून चित्रं काढायला दूर बेटावर जाणारा माणूस. त्याचा निर्णय बरोबर होता की नाही, हे निर्णयाच्या दिवशी ठरतच नाही. पुढे तो थोर चित्रकार झाला तर त्याच्याकडे निदान स्वतःपुरतं काही उत्तर असतं. नाही झाला तर तेही नाही. आणि होणं न होणं पूर्णपणे त्याच्या हातात नसतं.

आपल्याकडे ही पैज बेटावर लागत नाही, घरात लागते. बारावीचं वर्ष सोडून अकादमीत जायचं का? आईने गावातच ठेवायचं की पुण्याला पाठवायचं? ऊसतोडीच्या हंगामात हाताशी असलेलं एक माणूस कमी करायचं का? निर्णय बरोबर की चूक, हे दहा वर्षांनी कळणार, आणि तेही एखादा गुडघा टिकला की नाही यावर.

यातलं एक सार्वजनिक उदाहरण कबड्डीचं नाही, क्रिकेटचं आहे. ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने भंडारी करंडक आंतरशालेय स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या. वडील रिक्षाचालक. एका डावात त्याने १८९९पासून टिकलेला आर्थर कॉलिन्सचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. देशभर नाव झालं. मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे धावा आटल्या. २०१७मध्ये वडिलांनीच असोसिएशनला पत्र लिहून, कामगिरी घसरल्याचं कारण देत शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं.

त्या पत्राबद्दल आदर वाटतो, आणि वाईटही वाटतं. आदर सचोटीचा. वाईट यासाठी की एका अल्पवयीन मुलाच्या वडिलांना असं वाटावं, की मुलाने जगाकडून काहीतरी उधार घेतलं होतं आणि ते आता परत करायला हवं. खरं तर हिशेब उलटा होता. हजार धावांचं कौतुक करताना आपण सगळे त्या पैजेत सामील झालो होतो. हरल्यावर पैसे मोजायला घरचेच उरले. ज्याचा विक्रम त्याने मोडला, तो कॉलिन्सही तेरा वर्षांचा होता. तो पुढे प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही, आणि १९१४ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याची आठवण मात्र शंभर वर्षं एका आकड्यापुरतीच काढली गेली.

अमेरिकेत होतकरूंवर नजर ठेवण्याची तर मोठी व्यवस्थाच आहे. बेसबॉलच्या मोठ्या संघांखाली 'मायनर लीग'चे १२० संघ आहेत, पायरीपायरीने लावलेले, आणि कोणता मुलगा कोणत्या पायरीवर पोहोचला याच्या याद्या चाहते वर्षभर चाळतात. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू एका टीव्ही स्पर्धेतून २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्सच्या याच जिन्यावर गेले होते. मुख्य संघापर्यंत दोघांपैकी कुणीच पोहोचलं नाही. त्या जिन्यावरची हजारो पोरं वर्षानुवर्षं इतक्या कमी पैशांत खेळली, की प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२२मध्ये १८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पुढच्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेने पहिला सामूहिक करार केला. सर्वांत वरच्या पायरीवरचा किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० झाला. याद्या चाळणाऱ्या चाहत्यांना इतकी वर्षं त्या मुलांचा प्रत्येक आकडा ठाऊक होता. पगाराच्या आकड्याकडे मात्र फार थोड्यांनी पाहिलं होतं.

न बघणं हाही अन्याय

मग नजर ठेवणं सोडून द्यायचं का? इथे थांबलो तर उत्तर सोपं होईल, पण खोटं.

ज्याच्याकडे कुणीच बघत नाही अशा मुलाला विचारा. शिरूरच्या पाबळ-केंदूर भागातल्या एखाद्या कोरडवाहू वस्तीवरच्या पोराकडे कोचिंग क्लास नाही, ओळख नाही, इंग्रजी नाही. त्याच्याकडे तीस सेकंदांचा एक श्वास आहे. तो कुणीतरी बघितला तरच त्याचं काही होणार. कुणाची तरी क्लिप, कुणाचा तरी फोन, कुणीतरी 'या पोराला एकदा मॅटवर खेळवून बघा' म्हणणं, यावर आयुष्यं फिरलेली आहेत.

आणि मुलींचं बघा. त्याच मैदानावर, तेवढाच घाम गाळून मुलीही खेळतात. त्यांच्यासाठी २०१६ साली 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' नावाची तीन संघांची छोटी स्पर्धा झाली, आणि त्या एका हंगामानंतर ती पुन्हा झाली नाही. मुलांच्या जिन्याच्या पायऱ्या पाठ असणाऱ्यांना किशोरी गटातल्या तीन मुलींची नावं विचारून बघा. न बघणंही तटस्थ नसतं.

तेव्हा प्रश्न बघावं की नाही हा नाही. बघताना काय बघावं, आणि कधीपर्यंत, हा आहे.

अॅरिस्टॉटलने 'मेटाफिजिक्स'मध्ये केलेला एक भेद इथे उपयोगी पडतो. काही कृती अशा असतात, की त्यांचा अर्थ शेवटी पूर्ण होतो. घर बांधणं. अर्धं बांधून सोडलं तर घर नाही. काही कृती प्रत्येक क्षणी पूर्ण असतात. बघणं. आपण बघत असतो तेव्हाच आपलं बघून झालेलं असतं. पुढे काही व्हायचं बाकी नसतं. खेळ यातला कोणता? निवड समितीसाठी तो घर बांधण्यासारखा आहे. पण मध्यरेषा ओलांडून 'कबड्डी, कबड्डी' म्हणत आत शिरलेल्या मुलासाठी, साखळी धरून उभ्या असलेल्या सातांच्या डोळ्यांत बघणाऱ्या मुलासाठी, ती चढाई तिथेच पूर्ण असते. दोन गडी टिपून तो परत येतो तेव्हा काहीतरी घडून गेलेलं असतं. पुढे तो प्रो कबड्डीत गेला नाही, तर न्हावऱ्याच्या मैदानावरची ती रात्र मागे जाऊन रद्द होत नाही.

अमोल मुझुमदारचं उदाहरण अशा वेळी हमखास दिलं जातं. १९८८मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रमसाठी ६६४ धावांची भागी केली तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा हाच. रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, आणि भारतासाठी एकही सामना नाही. पुढे २ नोव्हेंबर २०२५ला भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. गोष्ट सुंदर आहे. पण तिच्यातून आपण चुकीचा धडा घेतो : बघा, शेवटी न्याय मिळालाच. समजा तो विश्वचषक हरला असता. तर त्या ११,१६७ धावा कमी झाल्या असत्या का? त्या २०२५च्या आधीही पूर्ण होत्या. त्यांना कुठल्याही पुढच्या पावतीची गरज नव्हती.

नाव खोडण्याआधी

आपल्या मैदानावरचा तो पंधरा वर्षांचा मुलगा वीस वर्षांचा होईल. कुमार गट संपेल. बहुधा त्याला फोन येणार नाही. मग तो पहाटे १,६०० मीटर धावायला लागेल, कारण पोलीस भरती आहे. दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गटच आहेत, आणि लहानपणापासून त्याने ती वर्दी रस्त्याने जाताना पाहिली आहे. राष्ट्रीय पातळीपर्यंत खेळला असेल तर ५ टक्के खेळाडू आरक्षणाचं प्रमाणपत्र कामी येईल. नाहीतर रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्ट. शनिवारी संध्याकाळी गावच्या संघातून तो अजूनही खेळेल. चर्चा करणाऱ्यांच्या यादीतून मात्र त्याचं नाव केव्हाच गेलेलं असेल. त्याच्यासाठी वापरला जाणारा शब्दही ठरलेला : 'वाया गेला.'

हा शब्द वापरायचा हक्क आपल्याला कुणी दिला? वाया जाते ती वस्तू, जी कुणाच्या तरी कामासाठी राखून ठेवलेली होती. तो आपल्या कामासाठी राखून ठेवलेला नव्हता.

नजर ठेवणाऱ्यांनी काही जबाबदारीही घ्यायला हवी, असं मला वाटतं. ज्या मुलाची चढाई आपण चार ग्रुपवर पाठवतो, त्याला जागांचं खरं गणितही कुणीतरी सांगायला हवं. तो शाळेत जातो का, रात्री जेवला का, गुडघा दुखतोय तर कुणाला दाखवला, हे विचारणारं कुणी आहे का ते बघायला हवं. त्याची पकड झालेली क्लिप, हसणारे इमोजी लावून, पुढे ढकलायची नाही. आणि पंचविशीत तो गावच्या संघातून उतरेल तेव्हाही बाजूला उभं राहून बघायचं, कुठलाही अंदाज न बांधता.

त्या वयात त्याचा हात पूर्वीइतका लांब जाणार नाही. पण आता तो कुणासाठीही होतकरू नसेल. पहिल्यांदाच तो नुसता खेळत असेल, आणि त्याचा खेळ बघायला तेव्हा बहुधा बाजूला चांगली जागा मिळेल.